टपरीवरची सिगरेटची जाहिरात मुलांना ओळखायला कशी शिकवायची

माझा भाचा आठवीत आहे. मागच्या दिवाळीत आला होता तेव्हा गप्पांत सहज विचारलं, सिगरेटची जाहिरात कुठे बघितलीस का रे? लगेच म्हणाला, "नाही मामा, त्याच्यावर बंदी आहे, सरांनी सांगितलंय." म्हटलं बरं, मग डोळे मीट आणि सांग, तुझ्या क्लासच्या खाली जी टपरी आहे तिचा रंग कुठला? म्हणाला लाल, आणि वर सोनेरी पट्टा. मग तो कुठल्या सिगरेटचा रंग? पोराने ब्रँडचं नाव फटकन सांगितलं. घरात कोणी ओढत नाही, हातात कधी पाकीट धरलेलं नाही, आणि नाव तोंडपाठ. डोळे उघडल्यावर त्याचा त्यालाच धक्का बसला, म्हणाला हे मला कोणी शिकवलं?

तोच प्रश्न धरून पुढे काय काय केलं ते इथे लिहितोय, ज्यांना आपल्या घरच्या मुलांसोबत किंवा वर्गात करायचंय त्यांच्यासाठी. मी स्वतः अकरा वर्षं ओढलीय, सोडून आता नऊ झाली, त्यामुळे हे सगळं माझ्या जवळचं आहे आणि थोडं जास्त लिहिलं गेलं तर वाचून घ्या.

पहिलं म्हणजे मुलांना लेक्चर देऊ नका, फिरायला घेऊन जा. पण जाण्याआधी कायदा काय म्हणतो तेवढं स्वतःला माहीत पाहिजे, नाहीतर मुलं प्रश्न विचारतात आणि आपण गडबडतो. आपल्याकडे २००३ चा तंबाखू कायदा आहे, कोटपा म्हणतात त्याला. पेपर, टीव्ही, होर्डिंग, कुठेही सिगरेटची जाहिरात चालत नाही, उघड पण नाही आणि आडून पण नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला विकायची नाही, आणि शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांत विकायचीच नाही. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर, आणि ते शाळेच्या कुंपणापासून मोजायचे, गेटपासून नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. काही शाळांच्या बाहेर रस्त्यावर पिवळी रेषा मारलेली दिसते ती ह्याचीच.

एक दार मात्र कायद्याने थोडं उघडं ठेवलं, ते म्हणजे विकणाऱ्याचं दुकान. तिथे बोर्ड लावता येतो. त्याचे पण नियम आहेत, ६० बाय ४५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको, ब्रँडचं नाव नको, पाकिटाचा फोटो नको, आत लाइट नको, फक्त इथे कुठल्या प्रकारचा तंबाखूचा माल मिळतो एवढं लिहायचं आणि वर इशारा. ह्या नियमांना मुंबई उच्च न्यायालयातून स्थगिती मिळाली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये उठवली. म्हणजे इतकी वर्षं ह्या एका बोर्डासाठी भांडण चाललं होतं. मुलांना मी हेच विचारतो, एवढ्याशा पत्र्यासाठी कंपन्या कोर्टात का गेल्या असतील? उत्तर ते स्वतःच देतात.

आता फिरायला जाताना काय न्यायचं? एक वही, पेन, आणि मोजायला पाय. मोठ्या माणसाची साधारण १२० ते १३० पावलं म्हणजे ९१ मीटर. शाळेच्या कुंपणापासून मुलालाच मोजायला लावा, त्यात त्याला मजा येते. टपरीच्या अगदी समोर उभं राहू नका, रस्त्याच्या पलीकडे उभे रहा, टपरीवाल्या काकांना आपण पकडायला आलोय असं वाटता कामा नये. मी आधी जाऊन त्यांच्याशी बोललो होतो, म्हटलं पोराला जरा जाहिरात म्हणजे काय ते दाखवतोय, ते म्हणाले दाखवा की, माझी पण दोन पोरं आहेत.

मग बघायचं काय, तर सगळ्यात आधी उंची. तुम्ही स्वतः खाली वाका, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला या. हे मी केलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मोठ्या माणसाला काकांचा चेहरा, पानाचं ताट आणि वरच्या पुड्यांच्या माळा दिसतात, आणि आठवीतल्या मुलाला समोर थेट काचेमागची पाकिटं दिसतात, ओळीत लावलेली, प्रत्येकाचा रंग सुटा दिसेल अशी, आणि त्याच्या बरोबर खाली चॉकलेटच्या बरण्या. भाच्याने वहीत लिहिलं, "एक रुपयावाली गोळी आणि सिगरेटचं पाकीट यांच्यात एक वीत अंतर." वीत त्याने खरंच हात लावून मोजली. मला ते वाक्य अजून विसरता येत नाही. जो मुलगा रोज गोळी घ्यायला जातो त्याच्या डोळ्यासमोरून ते पाकीट वर्षाला किती वेळा जात असेल, हा हिशोब त्यालाच करू द्या.

मग रंग. टपरीचा पत्रा, छत्री, काउंटरची पट्टी, कधी आतला दिवा, हे सगळं एकाच रंगात असेल तर थांबा आणि विचारा हा रंग कोणी निवडला? टपरीवाला स्वतःच्या पैशाने रंगवेल तर जो डबा स्वस्त मिळेल तो मारेल. नाव लिहिलेलं नसलं तरी रंग आणि पट्टा बघून ब्रँड आठवतो, भाच्याला आठवलाच ना. मग लाइट बघा, संध्याकाळी सातनंतर परत एक चक्कर मारा, दिवसा जे दिसत नाही ते रात्री चमकतं. मग दोरीला लटकवलेला लाइटर, तो जाहिरात नाही पण आमंत्रण आहे, काडेपेटी नसली तरी चालेल असं सांगणारं.

आणि आता जरा थांबून सुट्या सिगरेटबद्दल बोलू कारण सगळा खेळ इथे आहे असं माझं पक्कं मत आहे. आपल्या देशात पाकिटावर चित्राचा इशारा ३१ मे २००९ पासून आला, आणि १ एप्रिल २०१६ पासून तो दोन्ही बाजूंनी ८५ टक्के जागेवर झाला. सप्टेंबर २०१८ पासून त्याच्यावर सोडायला मदत करणारा फोन नंबर पण छापतात. म्हणजे पाकीट हे आता कंपनीच्या जाहिरातीपेक्षा सरकारच्या मोहिमेचं जास्त आहे. आणि ते चालतं बरं का. २०१६-१७ ची जी मोठी देशभरातली पाहणी झाली तिच्यात सिगरेट ओढणाऱ्यांपैकी ६१.९ टक्के लोकांनी सांगितलं की पाकिटावरचा इशारा बघून सोडायचा विचार आला. शंभरातले बासष्ट! बिडीवाल्यांमध्ये हाच आकडा ५३.८. सोडली की नाही ती पुढची गोष्ट, पण एका कागदाच्या डबीने एवढ्या लोकांच्या मनात विचार टाकला.

पण सुटी घेणारा पाकीट बघतच नाही ना! काका पाकिटातून एक काढून देतात, पाकीट त्यांच्या हातातच राहतं, तोंड आत वळलेलं. घेणाऱ्याच्या हातात येते ती पांढरी काडी, ना चित्र, ना नंबर, ना इशारा. आणि कॉलेजची पोरं पहिली सिगरेट कधीच पाकीट घेऊन ओढत नाहीत, सुटीच घेतात, तीही दोघांत एक. मी पण तशीच सुरू केली, अकरावीत, मित्राच्या हातातली अर्धी. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगरेट आणि बिडी विकायला बंदी केली ती ह्याच कारणासाठी, आणि निर्णय माझ्या मते एकदम बरोबर होता, फक्त टपरीवर उभं राहून बघितलं तर तो किती पाळला जातो ते तुमचं तुम्हालाच दिसेल. मुलांना हा मुद्दा समजावताना मी काय केलं, एक रिकामं पाकीट आणलं आणि एक पांढऱ्या कागदाची सुरळी केली, दोन्ही टेबलवर ठेवलं आणि विचारलं ह्यातलं कुठलं बघून भीती वाटते? बस, जास्त बोलावं लागलं नाही.

टपरीवरून घरी आलं की मग दुसरा भाग, जुन्या जाहिराती. हा भाग मुलांना फार आवडतो कारण क्रिकेट आहे. १९९६ च्या वर्ल्डकपचे फोटो काढा. तो विल्स वर्ल्डकप होता. आणि त्या काळातले आपल्या टीमचे फोटो बघा, शर्टावर छातीशी काय लिहिलंय? विल्स. सचिन बॅट उंचावतोय आणि छातीवर सिगरेटचं नाव. २००१ मध्ये कंपनीने ही स्पॉन्सरशिप सोडली. आम्ही तेव्हा लहान होतो, आमच्यापैकी एकालाही ते खटकलं नाही, विल्स म्हणजे क्रिकेट एवढंच डोक्यात होतं. आता ह्याचा परिणाम झाला का? तर ह्यावर गोव्यातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास झाला होता, १९९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यात दिसलं की सिगरेट कंपनीने भरवलेलं क्रिकेट बघून मुलांच्या डोक्यात खेळाडू आणि सिगरेट यांची चुकीची सांगड बसते, आणि अशी सांगड बसलेली मुलं सिगरेट चाखून बघण्याकडे जास्त झुकतात. मैदानात कोणीही सिगरेट पेटवली नव्हती, फक्त नाव होतं. मुलांना हे सांगताना मी मुद्दाम सांगतो की ही आपल्या शेजारच्या गोव्यातली तुमच्याच वयाची पोरं होती.

जुन्या मासिकांत विल्सची 'मेड फॉर ईच अदर' ही ओळ सापडेल, छानसं जोडपं हसतंय. म्हणायला ते फिल्टर आणि तंबाखूबद्दल होतं. रेड अँड व्हाइटच्या नावाने शौर्य पुरस्कार दिले जायचे, जीव धोक्यात घालून दुसऱ्याला वाचवणाऱ्या माणसांना! त्या माणसांच्या धाडसाला माझा पूर्ण मान आहे, पण ते धाडस एका पाकिटाच्या नावाला चिकटवलं गेलं ह्याचा मला आजही राग येतो.

तर कुठल्याही जाहिरातीला मुलांनी तीन प्रश्न विचारायचे, मी भाच्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलेत. ह्यात तंबाखू सोडून आणखी काय विकतायत (मैत्री, हिंमत, पैसा, मोठं झाल्याची भावना)? ह्यात कोण दिसत नाही (खोकणारा, वास मारणारा, दवाखान्याच्या लायनीतला)? आणि हे बघून मी काय करावं असं त्यांना वाटतंय? तिसऱ्या प्रश्नाला मुलं सुरुवातीला अडतात, अडू द्या, आपण उत्तर पुरवायचं नाही.

सिनेमाचं जरा भराभर सांगतो. २ ऑक्टोबर २०१२ पासून थिएटरमध्ये सुरुवातीला आणि इंटरव्हलनंतर इशारा दाखवावा लागतो आणि सिगरेटच्या सीनला खाली ओळ येते, आणि १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही हेच लागू झालं. घरी सिरीज बघताना खेळ करा, हिरो सिगरेट पेटवतो तेव्हा सीनमध्ये नेमकं काय चाललंय ते लिहायचं. एकटा आहे, टेन्शनमध्ये आहे, विचार करतोय, पाऊस पडतोय. दहा सीन लिहिले की मुलाला स्वतःलाच दिसतं की सिगरेट म्हणजे 'खोल माणूस' असं दाखवलं जातंय. रील्सचं मात्र अवघड आहे, तिथे ओळ नाही, इशारा नाही, आणि आपण सोबत बसलेलो नसतो, म्हणून वहीतले तीन प्रश्न पाठ असलेले बरे.

आता दुसरी बाजू, म्हणजे सिगरेटविरोधी मोहिमा. ह्याही जाहिरातीच आहेत आणि ह्यातली कुठली चालते, कुठली नाही हेही शिकवण्यासारखं आहे, कारण शाळेत आपण पोरांकडून पोस्टर करून घेतो.

भाच्याच्या शाळेत २ ऑक्टोबरला पोस्टर स्पर्धा होती, मी बघायला गेलो होतो. भिंतभर कवट्या. सिगरेट ओढणारी कवटी, धुराची कवटी, दोन सिगरेटींची फुली आणि वर कवटी. त्याची पण कवटीच होती. विचारलं, ही बघून काय वाटतं? म्हणाला "भारी वाटते मामा." खरंय, कवटी तर त्यांच्या टीशर्टवर पण असते. मरणाची भीती तेरा वर्षांच्या पोराला लागत नाही हो, त्याच्यासाठी चाळीशी म्हणजे म्हातारपण.

त्याउलट मुकेशची जाहिरात आठवा, थिएटरमध्ये सगळ्यांनी बघितलेली. भुसावळकडचा मुलगा, गुटखा खायचा, टाटा मेमोरियलच्या बेडवरून स्वतः बोलला आणि २००९ मध्ये गेला, जेमतेम चोवीसचा. लोक त्याच्या नावाने विनोद करतात ते मला आवडत नाही, पण एवढं खरं की इतक्या वर्षांनी पण नाव लक्षात आहे. का? कारण खरा माणूस होता, आपल्यासारखं नाव, आपल्यासारखा चेहरा. तसाच तो स्पंजवाला स्पॉट, फुप्फुस स्पंजसारखं असतं म्हणून काळा डांबरी रस पिळून दाखवतात. मी सोडायच्या आधी तो बघितला होता आणि बाहेर येऊन सिगरेट पेटवलीच, पण झुरका घेताना ते पिळणं डोळ्यासमोर आलं, आणि पुढचे कितीतरी दिवस येत राहिलं. मोहीम अशी काम करते, एका दिवसात नाही, ती प्रत्येक सिगरेटची चव थोडी थोडी बिघडवत जाते.

आणि परदेशातली दोन उदाहरणं मुलांना सांगण्यासारखी आहेत. अमेरिकेत १९६७ पासून नियम झाला की टीव्हीवर सिगरेटच्या जाहिराती दाखवता तर विरोधातल्या जाहिरातींना पण वेळ द्या. त्या तीनेक वर्षांत दरडोई खप खाली आला. मग १९७१ च्या जानेवारीत टीव्ही-रेडिओवरच्या सिगरेटच्या जाहिराती बंद झाल्या, पण त्यांच्यासोबत विरोधातल्या फुकटच्या जाहिराती पण जवळजवळ गेल्या, आणि खप परत थोडा वर सरकला. म्हणजे नुसती बंदी घालून गप्प बसलं तर पुरत नाही, उलट बाजूने बोलत राहावं लागतं. दुसरं, १९९८ मध्ये तिथल्या फिलिप मॉरिस ह्या सिगरेट कंपनीनेच मुलांसाठी मोहीम काढली, विचार कर, ओढू नकोस अशी. नंतरच्या अभ्यासात दिसलं की ती बघितलेल्या मुलांचं मन सिगरेटकडे उलट जास्त झुकलं होतं, आणि त्याच सुमाराची 'ट्रुथ' नावाची मोहीम, जिच्यात तरुण मुलंच कंपन्या काय लपवतात ते उघड करायची, ती बघितलेली मुलं सिगरेटच्या विरोधात गेली. ह्यातलं मर्म आईबापांनी नीट समजून घ्या. "हे मोठ्यांचं आहे, तू लहान आहेस" असं म्हटलं की पोराला मोठं व्हायचा रस्ता दाखवल्यासारखं होतं. "तुला कोणीतरी गिऱ्हाईक बनवतंय" म्हटलं की त्याला चीड येते, आणि ती चीड कामाची आहे.

मग शाळेत किंवा सोसायटीत मोहीम करायची तर कशी? कवटी काढून टाका. मुलांनी फिरताना जे लिहिलं तेच पोस्टरवर लावा, भाच्याचं "एक वीत अंतर" त्याने नंतर मोठ्या कागदावर काढलं, बरणी, पाकीट आणि मध्ये हाताची वीत, बाकी काही नाही, आणि पालकसभेला तेच पोस्टर लोक थांबून बघत होते. पैशाचा हिशोब लावा, एक सिगरेट वीस रुपये धरा, दिवसाला पाच, वर्षाचे ३६,५०० होतात, म्हणजे एक बऱ्यापैकी मोबाईल. आणि 'सगळेच ओढतात' हे खोटं आहे ते आकड्याने सांगा, त्याच २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात १५ वर्षांपुढच्या लोकांत धूर काढणारे शंभरात चारच्या आसपास होते. (चघळणारे मात्र खूप जास्त, आपल्याकडचं खरं दुखणं ते आहे, पण तो वेगळा विषय होईल.) मुलांना वाटतं अर्धं गाव ओढतं, कारण ओढणारे टपरीवर एकत्र उभे दिसतात आणि न ओढणारे कुठे उभे राहत नाहीत. आणि गल्लीतला सोडलेला एखादा काका, दादा बोलवा, त्याने दहा मिनिटं खरं खरं सांगावं, डॉक्टरच पाहिजे असं नाही.

टपरीवाल्याला शत्रू करू नका, त्याचं पोट आहे. आधी बोलून बघा, आमच्या काकांनी दुसऱ्याच आठवड्यात बरण्या काउंटरच्या दुसऱ्या टोकाला नेल्या, नुसतं सांगितल्यावर. शाळेच्या शंभर यार्डांत विक्री चालूच राहिली तर मुख्याध्यापकांच्या सहीने पोलिसांकडे अर्ज द्या, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तंबाखू नियंत्रण कक्ष असतो तिथे पण एक प्रत द्या, पोच घ्या, आणि पंधरा दिवसांनी परत जा. फोटो काढताना मुलांना पुढे करू नका, हे मोठ्यांनीच करायचं.

शेवटी जे स्वतः ओढतात आणि मुलांसोबत हे करायचं म्हणतात त्यांच्यासाठी. करा, नक्की करा, लपवू नका, मुलांना तुमच्याकडूनच जास्त कळेल. मुलाला सांगा की तलफ येते तेव्हा काय होतं. माझी तलफ नेहमी एका ठरावीक चहाच्या टपरीसमोर यायची, ऑफिसच्या रस्त्यावर, तोच लाल पत्रा. सोडताना मी फक्त रस्ता बदलला, दोन महिने लांबून जायचो, चहा दुसरीकडे प्यायचो, आणि तलफ आली की घड्याळ बघायचो, चार-पाच मिनिटांत जोर ओसरतो, तेवढं निभावून न्यायचं. दोनदा परत सुरू झाली, तिसऱ्यांदा सुटली. पाकिटावर जो नंबर छापतात तो १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत, फोनवर समुपदेशक बोलतात. सुटी घेत असाल तर तो नंबर तुम्ही कधी बघितलाच नसेल, म्हणून इथे लिहिला, आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, नाव काहीही द्या, मी तेव्हा 'दाजी' म्हणून केला होता.